अलमट्टीच्या पलीकडे: पंचगंगेच्या पुरामागचा इतिहास

जुलै उजाडला की कोल्हापुरात दोन आकडे प्रत्येकाच्या तोंडी असतात, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. आधीच्या पिढ्या आकड्यांपेक्षा शिवाजी पुलाकडे बघून अंदाज बांधायच्या. ‘मच्छिंद्री झाली’, म्हणजे पुलावरच्या ठरलेल्या खुणेला पाणी टेकलं, असं कानावर आलं की नदीकाठच्या पेठांतली माणसं सामान माळ्यावर चढवायला घेत. पूर इथं नवा नाही. घाटावर सहकुटुंब पूर बघायला जाण्याची रीतच आहे या गावात. बदललंय ते पुराचं वेळापत्रक. १९८९ चा पूर लोकांनी पंधरा-सोळा वर्षं आठवून आठवून सांगितला, २००५ ला तो मागं पडला. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. असा पूर आयुष्यात एकदाच, अशी समजूत घालून लोक सावरत होते, तोवर अवघ्या दोन वर्षांत, २०२१ च्या जुलैत, पातळी ५६ फुटांवर. २०२४ च्या जुलैतही नदीनं धोका पातळी ओलांडलीच.

प्रत्येक पुरानंतर चर्चा दोन वाटांनी जाते. एक वाट थेट कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला पोचते: कर्नाटकनं पाणी अडवलं म्हणून आम्ही बुडालो. दुसरी गेल्या काही वर्षांतली, जास्त करून अधिकाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या तोंडची: हवामान बदललंय, निसर्गापुढं कोण काय करणार? दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्हींतून एक गोष्ट निसटते. आपली धरणं, आपले पाणीवाटपाचे करार आणि त्यामागचा विचार, हे सगळं दुष्काळाच्या धास्तीतून घडलेलं आहे. पुरासाठी ते कधी आखलंच नव्हतं.

हे समजायला थोडं मागं, आधी हवामानबदलाच्या शोधापर्यंत, जावं लागेल. पृथ्वीभोवतीची हवा उष्णता धरून ठेवते, ही कल्पना फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडली. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते हे दाखवलं. तीनच वर्षांनी टिंडल यांनी अधिक काटेकोर प्रयोग केले, त्यांचं नाव झालं आणि फूटबाई शंभर-दीडशे वर्षं विस्मरणात गेल्या. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हातानं आकडेमोड करून सांगितलं, की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. गंमत म्हणजे त्यांना याची चिंता वाटत नव्हती. थंडीनं गारठलेल्या देशात राहणाऱ्या माणसाला थोडी ऊब बरीच वाटणार. शिवाय तेवढा कोळसा जाळायला माणसाला हजारो वर्षं लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच १८९६-९७ मध्ये इकडे दख्खनेत दुष्काळ पडला होता, आणि नंतर प्लेग. राजर्षी शाहूंना गादीवर येऊन जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. स्वस्त धान्याची दुकानं, कामं काढणं, जनावरांसाठी चारा, अशी तातडीची पावलं त्यांनी उचललीच, पण त्या अनुभवातून संस्थानचं पाण्याचं धोरण तयार झालं. पुढं भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं गेलं. पैशाअभावी काम रखडलं आणि महाराजांच्या पश्चात स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. सव्वाआठ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) त्या धरणानं जिल्ह्याचं नशीब पालटलं, याबद्दल दुमत नाही. त्याच काळात नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आले. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. हे तंत्र इतकं यशस्वी ठरलं, की महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणूनच ओळखलं जातं.

या सगळ्याचं सूत्र एकच: पाऊस चार महिने पडतो, बाकीचे आठ कोरडे, तेव्हा पावसाळा संपायच्या आत जेवढं साठवता येईल तेवढं साठवा. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे याच विचाराचे. पाणी ठरलेल्या उंचीला टेकलं की ते आपोआप उघडतात, त्यासाठी कुणाच्या हुकमाची वाट बघावी लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. साती दरवाजे उघडले तरी दहा हजारांच्या आसपास. धोका पातळीला राजाराम बंधाऱ्यावरून जाणारं पाणी याच्या कितीतरी पट असतं. उरलेलं येतं कुठून? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या पाणलोटातल्या, धरणांखालच्या त्या मोठ्या भागातून, ज्याच्यावर कोणताच दरवाजा नाही. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी फिरली की शहरात घबराट होते, पण खरी काळजी गगनबावड्याच्या पावसाची करायला हवी. एकाच जिल्ह्यात तिकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि पूर्वेला शिरोळमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शिरोळकर आपल्या पावसानं कधीच बुडत नाहीत, पश्चिमेच्या पावसानं बुडतात.

आता हाच पाऊस कसा बदलला ते पाहू. १९५८ पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथं चार्ल्स कीलिंग यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड नियमित मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाख भागांत ३१५ भाग होते. कारखानदारीच्या आधी २८० च्या आसपास असत, आता ४२० च्या पुढं गेलेत. अऱ्हेनियस यांची हजारो वर्षं शे-सव्वाशे वर्षांत आटोपत आली. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे जुनं, निर्विवाद भौतिकशास्त्र आहे. जास्त बाष्प म्हणजे रोज जास्त पाऊस असं मात्र नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढताहेत आणि मध्यम पावसाचे कमी होताहेत, त्यामुळे एकूण बेरजेत काही दिसत नाही. त्याच संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटानं २०१७ मध्ये पश्चिम किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या पट्ट्याचा अभ्यास मांडला. १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणारी अतिवृष्टी तिप्पट झाली, आणि त्यामागं तापत्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे लोंढे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. एखादा पूर पूर्णपणे हवामानबदलाच्या नावावर टाकता येत नाही, हे शास्त्रज्ञच सांगतात. पण कल स्पष्ट आहे.

२०१९ हे वर्ष या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. त्या जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ३३ टक्के पाऊस कमी होता. दुष्काळाच्या बातम्या चालू होत्या. हंगाम संपला तो सरासरीच्या ११० टक्क्यांवर. म्हणजे जूनमध्ये धरणं भरतील की नाही याची चिंता, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीच धरणं भरलेली, वरून संततधार. २०२१ ला तर २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या आठवड्यात चिपळूण बुडालं, दरडीखाली तळिये गाव गाडलं गेलं, आणि घाटाच्या या बाजूला पंचगंगेनं दोन वर्षांपूर्वीचा उच्चांक मोडला.

अलमट्टीचा वाद यात नेमका कुठं बसतो? कृष्णेचं पाणी बच्छावत लवादानं १९७० च्या दशकात वाटलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८०० टीएमसी. सगळा वाद टंचाईचा होता. आपला थेंबही दुसऱ्याला जाऊ नये हा ध्यास. पुराचं पाणी कोण, कधी, किती सोडणार याचा हिशेब त्या वाटपाच्या गाभ्यात नव्हता. पुढं अलमट्टीत ५१९.६ मीटरपर्यंत पाणी साठवायला सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये परवानगी दिली, आणि ब्रिजेशकुमार लवादानं २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरला हिरवा कंदील दाखवला. २००५ च्या पुरापासून सांगली-कोल्हापूरकरांच्या मनात अलमट्टी हा शत्रू म्हणून पक्का झाला. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं पुराला अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणारं पाणी, कारणीभूत नसल्याचं म्हटलं. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांच्याकडं बोट दाखवलं. नदीकाठच्या लोकांनी हे मान्य केलं नाही. पाणी हटायला लागणारा वेळ त्यांनी स्वतः मोजलेला असतो. पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीच्या पुढं कृष्णा फार संथ होते, तिथं खालचं प्रत्येक बांधकाम जाणवतं, हा त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पाणी उतरायला उशीर लागणं आणि मुळात एवढं पाणी येणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अलमट्टीवर सगळं ढकललं की दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलावंच लागत नाही.

आणि तिच्याबद्दल न बोलण्यात शहरातल्या बऱ्याच जणांचं हित आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. या दोन रेषांच्या आतबाहेर किती इमारती उभ्या राहिल्या, किती भराव पडले, शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं काय झालं, हे डोळ्यांनी दिसतं. या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवर आखतात, आणि ५५-५६ फुटांचं पाणी दोन वर्षांत दोनदा आल्यावर ‘शंभर वर्षांतून एकदा’चा अर्थ नव्यानं लावायला हवा. त्याऐवजी ओरड होते ती लाल रेषेमुळं बांधकामं अडली म्हणून. पश्चिम घाटाबाबतही तेच. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून निघताहेत, त्यात कोल्हापूरच्या पश्चिमेकडची गावंही आहेत, आणि २०२४ मध्ये सहावा मसुदा निघाला तरी निर्णय लटकलेलाच होता. डोंगरमाथ्यावरचं जंगल आणि खालचा पूर यांचं नातं सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, राधानगरी-दाजीपूरकडचा कुणीही गुराखी सांगेल.

जगाच्या पातळीवरचा वादही दोष कुणाचा याच प्रश्नाभोवती फिरत आलाय. १९८८ मध्ये आयपीसीसी ही हवामानबदलाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, मग हवामानावरच्या परिषदा: १९९२ ला रिओ, १९९७ ला क्योटो, २०१५ ला पॅरिस. १९९१ मध्ये दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक खडा सवाल टाकला होता: गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातून आणि म्हशीच्या पोटातून निघणारा मिथेन आणि श्रीमंतांच्या मोटारींचा धूर एकाच तागडीत कसा घालता? ऊस, भात आणि दूध यांवर उभ्या असलेल्या जिल्ह्यानं हा प्रश्न लक्षात ठेवावा. आजही सरासरी अमेरिकी माणूस सरासरी भारतीयाच्या सहा-सात पट कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. दिल्लीनं तो मुद्दा परिषदांमध्ये लावून धरला, ते योग्यच. मात्र तोच मुद्दा घेऊन कुणी लाल रेषेच्या आत तळमजला चढवत असेल, तर त्याचा हवामानाच्या न्यायाशी काही संबंध नाही.

२०२५ मध्ये अलमट्टीची उंची वाढवायच्या कर्नाटकच्या निर्णयावर सांगली-कोल्हापुरात आंदोलनं झाली, राज्य सरकारनंही विरोधाचं पत्र धाडलं. जागतिक बँकेच्या कर्जातून पुराचं पाणी वळवण्याची योजनाही आहे. १५ ऑगस्टपर्यंत अलमट्टीत ५१७ मीटरच्या वर पाणी नको, ही पूरग्रस्तांची मागणी जुनी आहे, आणि तोच नियम आपल्या धरणांनाही लावावा लागेल. पण २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पुरासाठी जागा ठेवून बसलेल्या धरणावर असा ऑगस्ट आला, तर उसाचं आवर्तन आणि गावांचं प्यायचं पाणी यांची तूट कुणी सोसायची, हे एकाही निवेदनात लिहिलेलं नाही.