अप्रत्यक्ष भेदभाव (रोजगारातील)

नोकरीच्या ठिकाणी सर्वांना सारखाच लागू असलेला आणि वंश, जात, धर्म किंवा लिंग यांचा उल्लेखही नसलेला नियम प्रत्यक्षात एखाद्या समूहातील कर्मचाऱ्यांना इतरांहून बऱ्याच मोठ्या प्रमाणात मागे ठेवत असेल, आणि त्या कामासाठी तो नियम खरोखर आवश्यक असल्याचे नियोक्त्याला दाखवता येत नसेल, तर त्यास अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ अशी जाहिरात हा प्रत्यक्ष भेदभाव होय व तो वाचताक्षणी ओळखता येतो. अप्रत्यक्ष भेदभावात मात्र नियम करणाऱ्याच्या मनात आकस असेलच असे नाही. किंबहुना नियमापुढे सगळे सारखे, हेच त्याचे समर्थन असते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ मधील १११ क्रमांकाच्या करारात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय उगम व सामाजिक मूळ यांवर आधारलेला, संधीची समानता नष्ट वा कमी करण्याचा परिणाम घडवणारा कोणताही फरक भेदभावात मोडतो. व्याख्येत हेतूऐवजी ‘परिणाम’ हा शब्द आला, हे महत्त्वाचे. कामाच्या अंगभूत गरजेतून येणारी अट मात्र याच कराराने भेदभावाबाहेर ठेवली आहे.

संकल्पनेला न्यायालयीन रूप मिळाले ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या १९७१ च्या निकालाने. या कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातील वीजकेंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना केवळ मजूर विभागात घेतले जाई आणि तेथील सर्वाधिक पगार इतर विभागांतील सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. इतर विभागांसाठी १९५५ पासून माध्यमिक शालेय शिक्षण पूर्ण केल्याची अट होती. रोजगारातील भेदभावाला बंदी करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी अंमलात आला आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीने नव्या उमेदवारांसाठी दोन लेखी चाचण्यांची भर घातली. हा योगायोग पुरेसा बोलका आहे. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात ३४ टक्के गोऱ्या पुरुषांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले होते, कृष्णवर्णीय पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के होते. शिवाय ही अट येण्यापूर्वी लागलेले, शालेय प्रमाणपत्र नसलेले गोरे कामगार तीच कामे व्यवस्थित करत होते. कंपनीचा हेतू वाईट होता असे न म्हणताही न्यायालयाने या अटी अवैध ठरवल्या. मुख्य न्यायाधीश वॉरन बर्गर यांनी तेथे कोल्हा आणि करकोच्याच्या गोष्टीचा दाखला दिला: दूध दोघांपुढे ठेवले, पण भांडे एकालाच पिता येईल असे असले, तर ती समान संधी नव्हे.

असे खटले साधारणपणे तीन टप्प्यांनी चालतात. आधी कर्मचाऱ्याने नियमाचा विषम परिणाम दाखवायचा. मग नियोक्त्याने त्या नियमाची व्यावसायिक गरज सिद्ध करायची. आणि तीही सिद्ध झाली, तर तोच हेतू कमी हानिकारक मार्गाने साधला असता का, हे पाहायचे. विषमता मोजण्यासाठी अमेरिकेत १९७८ पासून चार-पंचमांशांचा ढोबळ निकष वापरला जातो. शंभर पुरुषांपैकी ६० आणि शंभर स्त्रियांपैकी ३० निवडल्या गेल्या, तर स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या निम्मे, म्हणजे ८० टक्क्यांहून बरेच कमी भरते व संशयाला जागा होते. अलाबामातील तुरुंगरक्षकांसाठी असलेली किमान ५ फूट २ इंच उंची आणि १२० पौंड वजनाची अट ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना, पण एक टक्क्याहून कमी पुरुषांना वगळत होती. १९७७ मध्ये ती रद्द झाली. ताकद हवी असेल तर ताकदच तपासावी, हा त्यामागचा साधा तर्क होता. युरोपीय न्यायालयाने १९८६ मध्ये बिल्का या जर्मन दुकानसाखळीच्या प्रकरणात हीच कसोटी निवृत्तिवेतनाला लावली, कारण योजनेतून गळणाऱ्या अंशकालीन कर्मचाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

सर्वांत मोठा वाद सिद्धतेच्या जबाबदारीवरून झाला आहे. १९८९ च्या एका निकालाने अमेरिकेत ती जवळजवळ पूर्णपणे कर्मचाऱ्यावर टाकली आणि दोनच वर्षांत संसदेला कायदा करून ती पुन्हा नियोक्त्याकडे आणावी लागली. ही बाब तांत्रिक वाटली, तरी हक्क कागदावर राहतो की वापरता येतो हे तिच्यावरच ठरते, कारण कितींनी अर्ज केले, कोण कोणत्या टप्प्यावर वगळले गेले, बढतीच्या बैठकीत काय नोंदवले गेले, ही सारी माहिती नियोक्त्याच्या दप्तरात असते आणि तक्रारदाराला बहुधा स्वतःचे नकारपत्र तेवढे दिसते.

म्हणून काही न्यायालयांनी आकडेवारीचा आग्रह सैल केला आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रेझर प्रकरणात (२०२०) घेतलेली ही भूमिका भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नीतिशा प्रकरणात (२०२१) स्वीकारली. सैन्यातील पुरुष अधिकाऱ्यांची स्थायी कमिशनसाठीची (निवृत्तीच्या वयापर्यंतच्या कायम सेवेसाठीची) शारीरिक तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झालेली होती. स्त्रियांना त्या वेळी संधीच नव्हती आणि पुढे ती मिळाली तेव्हा वय बरेच वाढलेले असताना तेच निकष लावण्यात आले. निकष एकच होता, पण तो ज्या वयात लावला गेला ते वय एक नव्हते, आणि न्यायालयाने यालाच अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले.