कोकोपीटमधलं पाणी आणि गोव्याची हवा

गोव्यात नारळ सोलला की सोडणं न्हाणीघराच्या चुलीकडे जातात आणि भाणाखाली मंद जळत राहतात. त्याच सोडणांच्या भुशाचं कोकोपीट मात्र आपण तमिळनाडूतल्या पोल्लाचीहून नाहीतर केरळातून आलेलं विकत घेतो. 650 ग्रॅमची दाबलेली वीट बादलीत टाकली की फुगून आठ-नऊ लिटर होते. फ्लॅटच्या गॅलरीत किंवा जुन्या घराच्या बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत) मिरची, टोमॅटो, अँथुरियम लावणाऱ्यांना हे सोयीचं पडतं, कारण तांबड्या मातीची पोती जिना चढवून न्यावी लागत नाहीत. रोपं पहिला महिनाभर छान वाढतात. मग पानं फिकी पडतात, शेंडे आखडतात, आणि पाणी कमी झालं की जास्त यावर घरात दोन पक्ष पडतात.

दोन्ही पक्ष पाण्याचाच हिशेब करत असतात. कोकोपीटमध्ये पाणी सहसा कमी नसतं. तिथे तुटवडा पडतो तो हवेचा, आणि त्या खालोखाल कॅल्शियमचा.

सोडणाच्या वजनात काथ्याचा धागा साधारण एक तृतीयांश असतो, बाकीचा सगळा भुसा. काथ्याच्या कारखान्यांबाहेर या भुशाचे ढीग वर्षानुवर्षं पडून असायचे, कारण त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर असतं आणि लिग्निन कुजवणं सूक्ष्मजीवांना जड जातं. कारखानदाराची ही डोकेदुखी बागवाल्याच्या पथ्यावर पडली. शेणखत किंवा पालापाचोळा काही महिन्यांत खचतो, त्यातल्या पोकळ्या बुजतात. कोकोपीट मात्र दोन-तीन हंगाम आपला आकार टिकवून धरतं. त्याच्या आकारमानातला 90 टक्क्यांहून जास्त भाग पोकळ असतो, आणि कोरड्या वजनाच्या सात-आठ पट पाणी ते सहज धरतं.

आता या पोकळ्यांत पाणी किती आणि हवा किती, हे कोण ठरवतं? बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं, ते केशाकर्षण आपण शाळेत शिकलो. नळीची त्रिज्या अर्धा मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे 3 सेंटिमीटर चढतं, 0.1 मिलिमीटर असेल तर जवळजवळ 15 सेंटिमीटर. कोकोपीटमध्ये अशा लहानमोठ्या असंख्य वाटा असतात. कुंडीला भरपूर पाणी घातलं की वरचं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, भोकांतून बाहेर पडतं, आणि एका क्षणी थांबतं. त्या वेळी तळाशी काही सेंटिमीटरचा थर पूर्ण भिजलेला उरतो. तिथे केशाकर्षणाची ओढ आणि पाण्याचं वजन समसमान झालेलं असतं, म्हणून भोकं कितीही मोठी पाडली तरी ते पाणी हलत नाही.

भिजलेल्या थराची ही उंची माध्यमाच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे 10 सेंटिमीटर खोलीच्या ट्रेमध्ये निम्म्याहून अधिक भाग चिखल होऊ शकतो, आणि तेच कोकोपीट 30 सेंटिमीटरच्या ग्रो बॅगमध्ये मुळांना वरती ऐसपैस जागा देतं. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग न पिळता तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच आणि त्याची छिद्रंही तीच, फक्त उंची वाढली.

निचऱ्यासाठी तळाला खापऱ्या किंवा खडी घालायची आपली जुनी पद्धत इथेच उलटी पडते. बारीक पोकळ्यांतलं पाणी मोठ्या पोकळीत उतरायला तयार नसतं, वरचा थर पुरता भिजेपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणजे खडी घातल्याने ओला थर नाहीसा होत नाही, तो तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा खातो. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे. निचरा सुधारायचा तर माध्यमच भरड करावं लागतं: कोकोपीटमध्ये तिसरा-चौथा हिस्सा सोडणाचे बारीक तुकडे किंवा परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके दाणे) मिसळायचं. त्यासाठी सोडणं विकत आणायची गरज गोव्यात तरी पडू नये.

पाण्याने भरलेल्या थराचं एवढं भय कशाला? मुळंही श्वास घेतात. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. भिजलेल्या थरातला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू मिळून संपवतात, नवीन वेळेवर पोचत नाही. मुळं गुदमरली की ती पाणी उचलणं कमी करतात, आणि कुंडी ओली असूनही झाड मान टाकतं. पाहणाऱ्याला वाटतं तहान लागली. तो आणखी एक तांब्या ओततो. मग पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवाने मूळकुज येते आणि रोप जातं. पाणी घालण्याआधी कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. कोकोपीटचा वरचा थर कोरडा, तपकिरी दिसतो तेव्हाही आत भरपूर ओल असते, त्यामुळे डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवलेला बरा.

पण याचा अर्थ थोडं थोडं पाणी घालावं असा नाही. खत घालून केवळ वरवर शिंपडत राहिलं तर झाड पाणी पितं आणि खतातले क्षार मागे ठेवतं. चार-सहा वेळा असं झालं की मुळांभोवतीचं द्रावण खारट होतं. म्हणून पाणी घालायचं तेव्हा मनापासून घालायचं, घातलेल्या पाण्याचा दहा ते वीस टक्के भाग तळातून बाहेर येईपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. ताटलीतलं पाणी कुंडी पुन्हा वर ओढून घेते आणि धुऊन गेलेले क्षार परत आत येतात. घरात आरओचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर तो इथे कामाला येतो. बाहेर येणारं पाणी घातलेल्या पाण्यापेक्षा फारच वरचा आकडा दाखवत असेल तर एकदा साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी.

किती वेळा पाणी, या प्रश्नावर इंटरनेटवर ठाम उत्तर सापडतं: कोकोपीटला रोज, झाड मोठं झालं की दिवसातून तीन-चारदा. हा सल्ला आला कुठून ते पाहिलं की त्याची मर्यादा कळते. कोकोपीटवर बंद खोलीत झाडं वाढवण्याची इतकी बारकाईने चर्चा करणाऱ्यांत मोठा वाटा गांजा पिकवणाऱ्यांचा आहे. कॅनडात 2018 पासून तो कायदेशीर आहे, अमेरिकेच्या अनेक राज्यांतही. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं एक झाड लावणंही गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गोव्यात भाड्याच्या खोलीत दिव्याखाली गांजा लावल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात, त्याला पर्यटनाची झिंग म्हणा की दुसरं काही. पीक कोणतंही असो, त्या खोल्यांमागचं भौतिकशास्त्र तेच असतं. ते आपल्या बाल्कांवाला का लागू पडत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

झाड किती पाणी पिणार हे मुख्यतः पानांबाहेरची हवा ठरवते. हवेत आणखी किती बाष्प मावू शकतं त्याला बाष्पदाबाची तूट म्हणतात. दिव्यांच्या खोलीत 26 अंश तापमान आणि 55 टक्के आर्द्रता यंत्रं लावून राखली तर ही तूट दीड किलोपास्कलच्या आसपास राहते, दिवे चालू आहेत तोवर सतत. गोव्यात मे महिन्यातल्या दुपारी 33 अंश आणि 65 टक्के धरले तर ती पावणेदोन होते, म्हणजे त्या खोलीपेक्षा थोडी जास्तच. आणि जुलैत, 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेत? 0.36. मेच्या पाचवा हिस्सा. त्यात ढगांमुळे उजेडही कमी. मेमध्ये रोज लागणारं पाणी जुलैत तीन-चार दिवसांनीही पुष्कळ होतं. पाऊस पागोळ्यांबाहेर राहिला आणि कुंडी आत असली तरी हंगाम कुंडीपर्यंत पोचतोच. वेळापत्रक भिंतीवर चिकटवून पाणी घालणाऱ्यांची रोपं म्हणूनच गणपतीपर्यंत टिकत नाहीत. एक छोटा पंखा लावून पानांमधली हवा हलती ठेवली तर बाष्पोत्सर्ग थोडा वाढतो, आणि सतत ओल्या पृष्ठभागावर जमणाऱ्या बारीक काळ्या बुरशीमाश्याही कमी होतात.

राहिला कॅल्शियम. कोकोपीटच्या कणांवर ऋण प्रभार असतो आणि तो धन आयनांना धरून ठेवतो. नारळ पोटॅशियमचा भुकेला, त्यामुळे सोडणात ते मुळातच बरंच असतं. त्यात खाऱ्या खाडीच्या पाण्यात सोडणं मुरवली असतील तर सोडियमही चढतो. असं कोकोपीट कुंडीत भरून कॅल्शियम घातलं की कण हातातलं पोटॅशियम आणि सोडियम सोडतात आणि कॅल्शियम पकडून बसतात. त्याचा प्रभार दुप्पट, पकड जास्त घट्ट. मग झाडाच्या वाट्याला काय येणार? नुसतं धुतल्याने सुटे क्षार जातात, कणांना चिकटलेले जात नाहीत. म्हणून वापरण्यापूर्वी कोकोपीट साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावं, मग लिटरला दोन-तीन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवावं, निथळून पुन्हा एकदा धुवावं. पाकिटावर ‘बफर्ड’ लिहिलेलं असलं की हे आधीच झालेलं असतं, निदान तसा दावा तरी असतो.

गोव्यातलं पाणी इथे आणखी एक भर घालतं. देशावर बोअरवेलच्या जड पाण्यातून कुंडीला न मागता कॅल्शियम मिळत राहतं. आपल्याकडे जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी हलकं आणि किंचित आम्लधर्मी, आणि आरओ यंत्राचं तर जवळजवळ रिकामंच. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तिथे कॅल्शियमऐवजी सोडियम मिळतं, ते कोकोपीटसाठी सर्वांत वाईट. दुकानात हमखास मिळणाऱ्या 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश) खतामध्ये कॅल्शियम मुळीच नसतं. शिवाय कॅल्शियम झाडात वर चढतं ते बाष्पोत्सर्गाच्या प्रवाहाबरोबरच. पावसाळ्यात तो प्रवाह मंदावतो आणि टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून खचतं, मिरचीची कोवळी पानं मुरडतात. मुरडलेलं पान दिसलं की चुरडामुरडा म्हणून कीटकनाशक फवारलं जातं. खरोखर फुलकिडे-कोळी असतील तर ते भिंगातून पानाखाली दिसतात, आधी तेवढं पाहावं.

उपाय खर्चिक नाही. आठवड्यातून एकदा, लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या पाण्यातून द्यायचं. ते एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) किंवा फॉस्फेटवाल्या खताच्या दाट द्रावणात मिसळू नये, कॅल्शियम सल्फेट किंवा फॉस्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो आणि दोन्ही खतं वाया जातात.

हंगाम संपला की कोकोपीट फेकायची घाई नको. जुनी मुळं काढून, धुऊन, पुन्हा कॅल्शियमच्या पाण्यात भिजवून ते परत भरता येतं. प्रत्येक फेरीत कण थोडे बारीक होतात, ओल्या थराची उंची वाढते, म्हणून दर वेळी सोडणाचे तुकडे थोडे वाढवायचे. कुंडी उचलल्यावर पूर्वीपेक्षा जड लागायला लागली की त्याची कुंडीतली उमेद संपली. मग ते कुळागरात सुपारीच्या बुंध्याशी पसरावं. तिथे ओल धरण्याचा त्याचा गुण जानेवारी ते मे कामी येतो, आणि जमीन उतरती असल्याने निचऱ्याची काळजी कुणाला करावी लागत नाही.