कर्तव्याला आधार कशाचा? कांटच्या आधीचं आणि नंतरचं भांडण

कांट ह्या अठराव्या शतकातल्या जर्मन तत्त्वज्ञाचं नीतिशास्त्र म्हटलं की लोक डायरेक्ट कॅटेगोरिकल इम्परेटिव्हवर (म्हणजे कर्तव्याच्या बिनशर्त आज्ञेवर) जातात, पण त्याच्या आधी केवढं रामायण झालं होतं ते फारसं कोणी सांगत नाही.

१७२१ साली प्रशिया ह्या जर्मन राज्यातल्या हाले युनिव्हर्सिटीत ख्रिश्चन वोल्फ नावाच्या प्रोफेसरने भाषण ठोकलं की बघा, कन्फ्युशियसकडे कुठे बायबल होतं, तरी चिनी लोकांची नीती चांगली होतीच ना, म्हणजे बरं-वाईट नुसत्या बुद्धीनेही कळतं. तिथल्या पायटिस्टांना (ल्युथरन पंथातले कडक भक्तिवाले) हे जाम झोंबलं, राजाचे कान भरले गेले आणि १७२३ मध्ये ऑर्डर निघाली, ४८ तासांत प्रशिया सोड नाहीतर फाशी. वोल्फ गेला मारबुर्गला. पुढच्याच वर्षी क्योनिग्सबर्गमध्ये घोड्यांचा साज बनवणाऱ्या कारागिराकडे कांट जन्मला, घर पायटिस्ट, शाळा पायटिस्ट, आणि कॉलेजात वाट्याला आली ती वोल्फची फिलॉसॉफी!

वोल्फ म्हणायचा, ज्याने माणूस जास्त परिपूर्ण होईल ते करावं. तिकडे हचिसन वगैरे ब्रिटनमधले तत्त्वज्ञ म्हणत होते की नीती कळते ती आतल्या एका जाणिवेने. कांटचं बरीच वर्षं नक्की ठरत नव्हतं. बर्लिन अकॅडमीच्या स्पर्धेतला त्याचा निबंध १७६४ ला छापला गेला (पहिला नंबर मेंडेल्सझोन ह्या तत्त्वज्ञाचा, कांटचा दुसरा), त्यात तो म्हणतो की ‘अमुक पाहिजे असेल तर तमुक कर’ ह्याला कर्तव्य म्हणायचंच नाही, खरं बंधन बिनशर्त असतं, पण त्याच्या मुळाशी बुद्धी की भावना हे अजून ठरायचंय.

त्याच सुमारास त्याने रूसो हा फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत वाचला. मी अडाणी लोकांना तुच्छ समजायचो, रूसोने मला ताळ्यावर आणलं, अशा अर्थाचं त्याचं स्वतःचं टिपण आहे. माझ्या मते खरं वळण इथेच, कारण आता उत्तर असं पाहिजे होतं की जे प्रोफेसरइतकंच हमालालाही उमजेल.

ते आलं १७८५ च्या त्याच्या पुस्तकात, म्हणजे साठी गाठल्यावर. चांगलं काय तर चांगली इच्छा, आणि नियम असा पाळा की जो सगळ्यांसाठी कायदा व्हावा असं तुम्हालाही म्हणता येईल. टिळकांनी गीतारहस्यात कांटचा दाखला दिलाय तो ह्याच शुद्ध बुद्धीच्या मुद्द्यावर. पण हा नियम मला का म्हणून बांधतो? कांट म्हणतो कारण मी स्वतंत्र आहे, आणि स्वतंत्र कशावरून, तर नियम मानतो म्हणून.. हे गोल गोल फिरणं होतंय का अशी शंका त्याने त्याच पुस्तकात स्वतःच काढलीय आणि मग निस्तरायचा बराच खटाटोप केलाय. १७८८ च्या पुस्तकात मात्र गाडी उलटी फिरवली. नियमाचा पुरावा मागूच नका, त्याची जाणीव असतेच, आणि त्यावरूनच स्वातंत्र्य कळतं. राजाने एखाद्याला फाशीची धमकी देऊन निरपराध माणसाविरुद्ध खोटी साक्ष मागितली, तर तो नकार देईलच असं नाही, पण देता येईल हे त्याला कबूल करावंच लागेल.

कांटनंतरचा जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर, त्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, कांटचा नियम म्हणजे देवाचीच आज्ञा, फक्त देव काढून घेतलेली. डॅनिश अकॅडमीने नीतीच्या पायावरच स्पर्धा ठेवली होती तिथे त्याने हे लिहून पाठवलं, एंट्री एकट्या त्याचीच, तरी १८४० मध्ये बक्षीस नाकारलं, आणि कारणांमध्ये एक हेही होतं की हा अलीकडच्या थोर तत्त्वज्ञांबद्दल फार उर्मट लिहितो.