‘फाझ्ला’ म्हणजे नेमकं किती?

‘तुमच्या मुलाला एडीएचडी आहे का? दहा प्रश्नांत ओळखा’ अशी एक मराठी चाचणी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवरून फिरत माझ्यापर्यंत आली. (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार.) सरळसरळ इंग्रजीचं भाषांतर. पूर्वी चंचल पोराची दृष्ट काढायचे, आता त्याला असं घरबसल्या आजाराचं नाव चिकटवतात. मुलाला नीट तपासत तेव्हाही नव्हते, आताही नाहीत. प्रश्नावली भाषांतरित झाली की मोजायचं साधन तयार झालं, हा समज किती चुकीचा आहे ते तुर्कस्तानातल्या एका उदाहरणावरून छान कळतं.

टोरोंटोतले मानसोपचारतज्ज्ञ अतिल्ला तुर्गाय यांनी १९९४ मध्ये डीएसएम-४ च्या, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीच्या निकषांवरून ४१ विधानांची एक मापनश्रेणी केली. अवधानाची ९ विधानं, अतिचंचलता व उतावळेपणाची ९, उद्धट-विरोधी वागण्याची ८, चोरी-मारामारीसारख्या गंभीर वर्तनाची १५. प्रत्येकाला ० ते ३ गुण. ती तुर्की समाजात कितपत चालते याचा अभ्यास एर्जान व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला.

अशा कामात सहसा उलट-अनुवाद करतात: तुर्की मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत आणायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. यात एक खोच आहे. डीएसएममध्ये ‘मोटर बसवल्यासारखं वागणं’ असं एक लक्षण आहे. ते शब्दशः नेलं तर जसंच्या तसं परत येतं आणि पास होतं. मराठीत ‘पायाला भिंगरी लागलीय’ लिहिलं, जे आईला चटकन कळेल, तर परतीच्या वाटेवर ते चूक ठरण्याची भीती! म्हणजे ही पद्धत पोपटपंचीला झुकतं माप देते.

पुढचा टप्पा माझ्या विशेष आवडीचा: क्रोनबाख यांचा १९५१ चा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. तो १ च्या जितका जवळ, तितकी जुळणी जास्त. एकाच गटातली विधानं खरोखर एकच गोष्ट मोजत असतील, तर त्यांचे गुण एकत्र चढतात, एकत्र उतरतात. मग एकूण गुणांचं विचरण (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) सुट्या विधानांच्या विचरणांच्या बेरजेहून बरंच मोठं होतं. अल्फा हा फरक पकडतो. पण गंमत पाहा. विधानांची विचरणं सारखी आणि त्यांच्यातला सरासरी सहसंबंध (दोन विधानांचे गुण किती एकत्र चढतात-उतरतात त्याचं माप) ०.३० धरला, तर ९ विधानांचा अल्फा ०.७९ येतो, १८ चा ०.८९, ४१ चा ०.९५. विधानं सुधारली नाहीत, नुसती वाढली! त्यामुळे ‘अल्फा ०.९’ एवढं वाचून भारावून जाऊ नये. विधानं एकमेकांना धरून आहेत एवढंच तो सांगतो. ती नेमकं काय मोजतात, हे डॉक्टरांच्या निदानाशी ताडूनच कळतं.

आणि उत्तरांचे पर्याय? तुर्कीत १ म्हणजे ‘बिराझ’, थोडं. २ म्हणजे ‘फाझ्ला’. हा शब्द ‘पुष्कळ’ आणि ‘हवं त्यापेक्षा जास्त’ अशा दोन्ही अर्थांनी चालतो. आपल्या ‘फाजील’चं अरबी मूळ तेच. लक्षण आहे असं धरतात ते २ पासून, आणि डीएसएम-४ नुसार अवधानाच्या नऊपैकी सहा लक्षणं असली की संख्येची अट पुरी होते. आई ‘फाझ्ला’वर खूण करते तेव्हा तुलनेला तिच्याकडे घरातली एकदोन मुलं असतात, शिक्षिकेकडे अख्खा वर्ग.