पार्श्वभूमी : व्होल्ट, अँपिअर आणि पंपाची पाटी

व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम, गुणले की वॅट. हे दहावीतच पाठ झालेले असते, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. प्रश्न वेगळा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, अथणी भागात ज्या यंत्रावर सगळ्यात जास्त वीज खर्च होते त्या पाण्याच्या मोटारीला हे गणित सरळ का लागू होत नाही, आणि बिलाच्या कागदावरून व्होल्ट-अँपिअर गायबच कसे झाले?

मुळात हे सूत्र बॅटरीच्या जमान्यातले. जर्मनीतल्या एका शाळामास्तराने १८२७ साली ते छापले, तेव्हा त्याच्यासमोर तारा होत्या, मोटारी नव्हत्या. तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिद्ध झाले. व्होल्ट, अँपिअर, ओहम ही एकके १८८१ च्या पॅरिस परिषदेत ठरली, वॅट १८८९ मध्ये. दिवा, शेगडी, इस्त्री यांना हे सगळे चपखल बसते : व्होल्टेज उतरले की करंटही उतरतो.

मोटारीचे उलटे. पाच एचपीची थ्री फेज मोटार घ्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे शाफ्टवर मिळणार ३,७३० वॅट. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर लाईनवरून ओढणार साधारण ४,६६० वॅट. ४१५ व्होल्टला, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा भाग) ०.८ धरून, थ्री फेजसाठी व्होल्टेजला १.७३२ ने गुणायचे विसरले नाही तर करंट येतो आठ अँपिअरच्या आसपास. आता ऊस पाजायच्या दिवसांत लाईनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज ३५० वर आले. पाणी तेवढेच उचलायचे, त्यामुळे मोटार जवळपास तेवढेच वॅट मागते आणि करंट साडेनऊच्या पुढे जातो. वायंडिंगमधली उष्णता वर्गाने वाढते, म्हणजे ४० टक्क्यांनी जास्त. मोटार जळते ती अशी. आणि भागाकार करून ‘रोध’ काढायला गेलात तर तोही फसवा. बंद मोटारीच्या वायंडिंगला मल्टीमीटर लावला तर मोजके काही ओहम दिसतात. चालू मोटारीचे व्होल्ट भागिले अँपिअर केले तर उत्तर त्याच्या कित्येक पट येते. फिरणारी मोटार स्वतःच उलटा दाब तयार करते, तो या भागाकारात मिसळलेला असतो. सुरू होताना तो दाब नसतो, म्हणून मोटार पाच-सहा पट करंट खेचते. रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्या दुकानात हे टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) हातात धरणाऱ्या पोरालाही माहीत असते.

खरा वाद पुढचा. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूरमध्ये, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पण शेतीच्या विजेबाबत सीमेच्या दोन्ही बाजूंनी चाल जवळजवळ सारखीच झाली. १९७० नंतरच्या दशक-दीड दशकात अनेक राज्यांनी पंपाचे मीटर वाचणे सोडले आणि मोटारीच्या पाटीवरच्या एचपीवर ठरावीक आकार लावला. कारण पटण्यासारखे होते. विहिरी विखुरलेल्या, वाट उसातून, आणि बिल वसूल होण्यापेक्षा मीटर रीडर फिरवण्याचाच खर्च जास्त. पण त्या एका निर्णयाने मोजमापाची जागा पाटीने घेतली. पाटीवरचा आकडा मोटार किती काम देईल ते सांगतो, ती किती वीज ओढते ते नाही. आणि किती तास, हे तर तिला ठाऊकच नसते.

मग पाट्या खोट्या होऊ लागल्या. साडेसातची मोटार, पाटी पाचची. याला सरसकट चोरी म्हणणारे पुष्कळ आहेत. पण ३५० व्होल्टवर पाच एचपी तग धरत नाही म्हणूनच मोठी मोटार बसवणारेही थोडे नव्हते. खराब व्होल्टेजचे बिल शेतकऱ्याने रिवाइंडिंगवाल्याकडे भरले, आणि ते कुठल्याच खात्यात दिसत नाही. थ्री फेज ठरावीक तासांपुरते आणि बाकी वेळ सिंगल फेज सुरू झाल्यावर कंडेन्सर लावून थ्री फेज मोटारी सिंगल फेजवरच चालवायची युक्ती निघाली. त्याने लाईनची आणखी दैना झाली. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनी) वेगळे करण्यामागे हेही एक कारण होते.

२००३ च्या केंद्रीय कायद्याने दोन वर्षांत प्रत्येक जोडणीला मीटर हवा म्हटले. कर्नाटकाने २००८ पासून दहा एचपीपर्यंतच्या पंपांना वीज फुकट केली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंत. कर्नाटकात ट्रान्सफॉर्मरला टीसी म्हणतात, महाराष्ट्रात डीपी, आणि सीमेवरच्या ओढ्याच्या दोन काठांवर फुकटाची रेषा अडीच एचपीने सरकते. दहा आणि साडेसात हे आकडे विजेच्या शास्त्रातून आलेले नाहीत. ते पाटीच्या हिशेबाचेच वारस आहेत. साडेबाराची मोटार दहाच्या पाटीखाली बसवण्याचा मोह आता बिल वाचवण्यापुरता उरलेला नाही, बिल शून्य करण्याचा झाला आहे.

गेल्या काही वर्षांत कर्नाटकात पंपाचा आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) आधारशी जोडण्याची मोहीम झाली. त्याने पंप कोणाचा ते कळते. तो किती वीज ओढतो याचा अंदाज मात्र अजून फीडरच्या किंवा टीसीच्या मीटरवरून बांधतात : एकूण आकडा घ्यायचा, गळती वजा करायची, उरलेले पंपांच्या संख्येने भागायचे. नुकती रिवाइंड केलेली पाचची मोटार आणि रात्रभर चालणारी साडेबाराची मोटार, दोन्हींच्या नावावर सारखेच युनिट पडतात.