भट्टीतून निळं होऊन येणारं कोबाल्ट

मातीचं भांडं म्हटलं की ते झिरपणार आणि ओव्हनमध्ये तडकणार, असं आपण धरूनच चालतो. पोलंडच्या नैऋत्येला बुब्र नदीकाठी बोलेस्वाव्येत्स नावाचं गाव आहे. तिथल्या भांड्यांना यातलं काहीच लागू पडत नाही.

आपला माठ कमी आचेवर भाजतात. मातीचे कण एकमेकांना नुसते चिकटतात, मधली छिद्रं तशीच राहतात. झिरपलेलं पाणी उडून जातं, म्हणून तर माठातलं पाणी गार! बोलेस्वाव्येत्सची भट्टी मात्र 1200 अंशांच्या वर जाते. तिथे मातीतलं फेल्डस्पार नावाचं खनिज वितळून छिद्रांत शिरतं आणि निवताना त्याची काच होते. भांडं आतूनच बंद.

वर चमक हवी तर झिलई, म्हणजे काचेचा पातळ थर लागतो. शिसं घातलं की झिलई कमी तापमानाला वितळते, पण ते विष. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या योहान गॉटलीब आल्टमान या कुंभाराने शिशाऐवजी फेल्डस्पारची झिलई वापरली. तोवर इथली ओळख तपकिरी भांड्यांची होती. निळे ठसे नंतर आले.

आणि हा निळा रंगच खरी गंमत आहे. तो येतो कोबाल्ट या धातूपासून, पण कोबाल्ट ऑक्साइडची पूड असते काळी. वितळलेल्या काचेत कोबाल्टचा आयन चार ऑक्सिजनच्या मधोमध बसतो. त्यामुळे त्याच्या डी-कक्षांची (इलेक्ट्रॉन राहतात त्या जागांची) ऊर्जा दोन पातळ्यांत विभागते आणि इलेक्ट्रॉन खालून वर उडी मारताना पिवळा-नारिंगी प्रकाश गिळतात. उरतो निळा. पाण्यात याच आयनभोवती सहा रेणू असतात. ती रचना केंद्राभोवती सममित असल्याने अशा उड्या जवळजवळ निषिद्ध ठरतात, म्हणून द्रावण फिकट गुलाबी दिसतं. चौघांच्या घोळक्यात ती सममिती नाही, त्यामुळे शोषण कितीतरी पटींनी वाढतं. झिलईत अर्धा टक्का कोबाल्टही गडद निळ्याला पुरतं. शिवाय इतक्या उष्णतेत हा रंग उडत नाही.

स्पंजच्या ठशांनी उमटवलेला 'मोराचा डोळा' ही इथली खास नक्षी. तो नजर लागू देत नाही असं सांगून कुणी चार पैसे जास्त मागितले, तर ते कोबाल्टचे समजू नका!

1945 पर्यंत हे गाव जर्मनीत होतं, नाव बुन्त्सलाउ. 1897 साली इथे सिरॅमिकची शाळा निघाली होती. युद्धानंतर जर्मन रहिवाशांना घालवून दिलं गेलं आणि आलेल्या पोलिश लोकांनी भट्ट्या पुन्हा पेटवल्या.

ही भांडी ओव्हनमध्ये चालतात, गॅसवर नाही. ज्योतीने तळ एकदम प्रसरण पावतो, कडा थंडच राहते आणि काचेसारख्या कडक अंगाला तो ताण सोसत नाही.