वारा व जमिनीवरील लहान विमाने

उभ्या असलेल्या किंवा जमिनीवरून संथपणे चालणाऱ्या हलक्या विमानाला जोरदार वाऱ्यापासून असलेला धोका. पंखांवरून हवा वाहू लागली की उत्थापन (वर उचलणारे बल) निर्माण होते. त्यासाठी विमान पुढे जात असलेच पाहिजे असे नाही. वाऱ्याचा गतिज दाब (हवेच्या गतीमुळे पडणारा दाब) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉट (ताशी सु. ३७ किमी.) वाऱ्यात तो सु. ६५ पास्कल, तर ४० नॉटला सु. २६० पास्कल असतो. सेसना १७२ या चार आसनी विमानाच्या पंखांचे क्षेत्रफळ सु. १६ चौ. मी. आणि रिकामे वजन सु. ७५० किग्रॅ. आहे. या दाबाला क्षेत्रफळाने गुणून येणारे बल वजनाशी ताडता येते; मात्र अख्खे विमान उचलले जाण्याच्या कितीतरी आधी वाऱ्याकडचा पंख उठतो आणि विमान कलंडते.

अशा अपघाताची सर्वांत जुनी नोंद कोणती, हे ठरविणे कठीण आहे. ग्लायडर वाऱ्याने उलटण्याचे प्रकार आधीही घडले असावेत. इंजिनाच्या विमानापुरते पाहिल्यास १७ डिसेंबर १९०३ ही तारीख ग्राह्य वाटते. त्या दिवशी राइट बंधूंनी अमेरिकेतील किटी हॉकजवळ चौथे उड्डाण (५९ सेकंद, सु. २६० मी.) पूर्ण केल्यावर उभ्या विमानाला वाऱ्याच्या झोताने उलटवले. ते धरू पाहणारा जॉन डॅनियल्स त्यात अडकून जखमी झाला. ते विमान पुन्हा कधीच उडाले नाही.

टॅक्सी करताना (विमान जमिनीवरून चालवताना) सर्वांत घातक ठरतो तो मागून तिरका येणारा वारा, विशेषतः धडाच्या वरच्या बाजूस पंख असलेल्या, नाकाखाली चाक असलेल्या तीनचाकी विमानाला. तो शेपूट आणि एक पंख एकाच वेळी उचलतो. अशा वेळी नियंत्रण-दांडा पुढे व वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवतात, म्हणजे वाऱ्याकडचे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली येते. वारा समोरून तिरका असल्यास दांडा वाऱ्याकडे वळवतात. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे ते एकदा वळू लागले की वळण वाढतच जाते.

विमान कोणत्या दिशेला तोंड करून बांधावे, याबाबत मतभेद आहेत. शेपटीच्या चाकावर टेकलेल्या विमानाचे नाक वर असल्याने समोरचा वारा पंखांना जास्त कोनात भेटतो व उत्थापन वाढते. म्हणून शेपूट वाऱ्याकडे करावे, असे काही जण सुचवतात. परंतु मग एलिव्हेटर व रडर (शेपटीच्या आडव्या व उभ्या हलत्या फळ्या) यांवर मागून धक्के बसून बिजागऱ्या तुटू शकतात. सर्वसाधारण शिफारस नाक वाऱ्याकडे ठेवण्याची आहे व तीच अधिक सयुक्तिक दिसते. हवे तर शेपटीखाली आधार देऊन पंख सपाट करता येतात. गडगडाटी वादळात वारा काही मिनिटांत दिशा बदलतो, तेव्हा दोर व खुंटच महत्त्वाचे ठरतात. दोर साधारण ४५ अंशांच्या कोनात बांधतात. मनिला दोर भिजल्यावर आखडतो, म्हणून सु. २.५ सेंमी. ढील ठेवतात, जास्त ढील ठेवल्यास विमान हिसके खाते. चाकांना चॉक (अडसराचे ठोकळे) लावतात. केवळ पार्किंग ब्रेकवर विसंबणे योग्य नव्हे.

एलेरॉन, एलिव्हेटर, रडर ही नियंत्रण-पृष्ठे फडफडू नयेत म्हणून गस्ट लॉक (ती जागीच अडकवणारे कुलूप) वापरतात. लहान विमानांसाठीच्या पूर्वीच्या अमेरिकन नियमांत बांधून ठेवण्याच्या जागा व कुलुपे ६५ नॉटपर्यंतच्या वाऱ्याला टिकावीत अशी अट होती. मात्र कुलूप काढायचे विसरणेही प्राणघातक ठरते : ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंग २९९ हे (मोठे) विमान याच कारणाने कोसळले. उड्डाणपूर्व तपासणी यादीचा उगम सामान्यतः या घटनेशी जोडला जातो. त्याआधी तुरळक याद्या वापरात असाव्यात.

हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी वर्णन केलेल्या सूक्ष्म अधःस्फोटात (मायक्रोबर्स्ट; ढगातून खाली कोसळून जमिनीवर पसरणारा हवेचा झोत) वारे ६५ नॉटची मर्यादा ओलांडू शकतात. १ ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेतील अँड्र्यूज हवाई तळावर १३० नॉटहून अधिक वेग नोंदला गेला. अशा वाऱ्यापुढे दोर अपुरे पडतात. विमान आधीच भक्कम हँगरमध्ये नेणे किंवा अन्यत्र हलवणे एवढाच उपाय उरतो.

कृत्रिम वाराही तितकाच धोकादायक असतो. तरंगत्या हेलिकॉप्टरपासून लहान विमानाने हेलिकॉप्टरच्या फिरत्या पंख्याच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर राखावे, असा संकेत आहे.